ऐंशी रतलांची अट

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, की विद्यार्थी आणि शिक्षकांवरचे ताण, त्यांची तब्येत, यावर लिहा, तुमचा जन्म शाळेत गेला. गेला खरा. पण ताण हा शब्द आमच्या शाळेत फक्त रस्सीखेचीच्या वेळी ऐकू यायचा. मुलगा पडला तर चक्कर आली म्हणत, मास्तर खेकसले तर पित्त खवळलं म्हणत. दोघांनाही औषध एकच, लिंबाचं सरबत, आणि ते करायचं काम माझ्याकडे होतं.

मी अंधेरीतल्या एका मराठी शाळेत ड्रिलची बाई होते. ड्रिलची बाई म्हणजे काय ते हल्ली सांगावं लागतं. सकाळी प्रार्थनेला रांगा लावायच्या, नखं बघायची, कानामागचा मळ बघायचा, डोक्यात उवा झालेल्या मुलीला चारचौघांत न बोलता बाजूला घ्यायचं. मग कवायत, लेझीम, डंबेल्स. आणि प्रार्थना चालू असताना जो कोणी खाली पडेल त्याला उचलून शिक्षकांच्या खोलीतल्या बाकावर आडवं करायचं. हे शेवटचं काम नेमणुकीत नव्हतं, पण माझी उंची बघून हेडसरांनी ते मला दिलं. मुलीच्या जातीला ही उंची शोभत नाही म्हणून माझं लग्न लांबलं होतं, आणि त्याच उंचीवर नोकरी लागली. मुलं मला शिट्टीबाई म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण माझे कान शाबूत होते.

पडणारे पुष्कळ असत. सकाळची शाळा सातला भरायची. मुलं वेसाव्याहून, मरोळहून, जोगेश्वरीहून चालत यायची, पोटात काय तर कपभर चहा. बसचे पैसे घरून मिळत, पण ते मधल्या सुट्टीत चिंचा-बोरांवर जात. शिक्षकांचं काही वेगळं नव्हतं. सकाळची शाळा, दुपारची शाळा, संध्याकाळी पार्ल्यात शिकवण्या, आणि सगळा दिवस चहावर. सरकारकडून मुलांसाठी दुधाची पावडर यायची. ती मोठ्या पातेल्यात कालवून उकळायची नि पेल्यापेल्याने वाटायची. मुलं नाक दाबून एक घोट घेत आणि उरलेलं पटांगणातल्या चाफ्याच्या मुळाशी ओतत. पातेल्यात जे शिल्लक राही ते आमच्या चहात जाई. त्या दुधाने शाळेत कोणाची तब्येत सुधारली असेल तर ती चाफ्याची.

हेडसर सरळ मनाचे होते. खादीचं धोतर, काळा कोट आणि प्रत्येक दुखण्यावर एक नियम. एका वर्षी आमचा एक हुशार मुलगा एस.एस.सी.च्या परीक्षेत बीजगणिताच्या पेपराला बसला आणि अर्ध्या तासात बाकावरून खाली आला. त्याचं वर्ष गेलं. हेडसरांना ते फार लागलं. शाळेचा निकाल खाली आला म्हणून लागलं असं लोक म्हणाले, पण मी त्यांना त्या मुलाच्या घरी दोनदा जाऊन बसलेलं पाहिलंय. पुढच्या जूनमध्ये त्यांनी नियम काढला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या एस.एस.सी.च्या, वर्गाचं वजन करायचं. मुलगी ऐंशी रतलांच्या खाली आणि मुलगा नव्वदच्या खाली भरला, तर तो अशक्त. रतल म्हणजे पौंड, अर्ध्या किलोहून जरा कमी. अशक्ताला रोज चमचाभर मुशीचं तेल मिळेल, पहाटेच्या जादा तासाला बसता येणार नाही, आणि फॉर्म भरायच्या महिन्यातही वजन कमीच राहिलं तर त्या वर्षी एस.एस.सी.चा फॉर्म भरला जाणार नाही. आधी शरीर, मग परीक्षा, असं ते म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मुशी म्हणजे लहान शार्क मासा. त्याच्या काळजाचं तेल बाटल्यांत भरून शाळांना यायचं. बाटलीचं बूच काढलं की शेजारचा वर्ग रिकामा होई. वेसाव्याची कोळ्यांची मुलं म्हणायची, बाई, आमी मुशी खातो, तिचा तेल पीत नाय. एवढा मोठा मुद्दा मला खोडता यायचा नाही, म्हणून मी शिट्टी वाजवायचे.

वजनाचा काटा शाळेकडे नव्हता. स्टेशनाजवळच्या लाकडाच्या वखारीतला काटा हातगाडीवरून यायचा. त्याच्यावर लाकडाची साल चिकटलेली असायची, ती मी फडक्याने झटकायची आणि मग देशाचे भावी नागरिक एकेक करून वर चढायचे. मी आकडा ओरडायचे, हेडसर लिहून घ्यायचे.

पहिल्या महिन्यात निम्मा वर्ग अशक्त निघाला. दुसऱ्या महिन्यात मोजके. हेडसरांनी शाळेच्या सभेत सांगितलं की नियमाचा गुण दिसू लागला. गुण मलाही दिसत होता. वजनाच्या दिवशी नळावर ही रांग लागे. एका मुलाने इतकं पाणी ढोसलं की काट्यावर चढला आणि आकडा ओरडायच्या आत त्याने ते सगळं हेडसरांच्या धोतरावर परत केलं. एकाने तीन चड्ड्या घातल्या होत्या. एकाच्या खिशात दोन कच्चे पेरू आणि एक बिजागरी सापडली. बिजागरी कुठली म्हणून विचारलं तर म्हणाला, दाराची. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुतारीचं दार कलंडलं. मी हे खिसे रिकामे करायचे आणि पुन्हा वजन घ्यायचे. मुलींना खिसे नसतात, त्यामुळे त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

आता चांगुणा. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, अकरावीत आलेली त्यांच्या आळीतली पहिलीच मुलगी. काळीसावळी, काटकुळी, तोंडाने फटकळ. गणितात इतकी वाकबगार की गणिताचे प्रधान सर फळ्यावर उदाहरण लिहून तिच्याकडे न बघता म्हणायचे, "तू गप्प बस, बाकीच्यांना करू दे." तिला मास्तरीण व्हायचं होतं. का म्हणून मी विचारलं तर म्हणाली, तुमाला बसायला मिलतं म्हणून. मी तिला म्हटलं, मला शाळेत कधी बसलेलं पाहिलंस का गं? तर म्हणाली, तुमी ड्रिलच्या. मी वर्गातल्या बाईंचं बोलते.

तिचा दिवस पहाटेच्या आधी सुरू व्हायचा. होड्या किनाऱ्याला लागल्या की आईबरोबर मासळी निवडायची, पाट्या भरायच्या, आई बाजाराला गेली की धाकट्यांचं बघायचं, आणि मग तंगड्या तोडत अंधेरी गाठायची. तिच्या बापाने, बुधाजीने, तिला अकरावीत जाऊ दिलं ते एका अटीवर. पोरगी दहावीत असताना दोनदा प्रार्थनेला पडली होती. बुधाजीने बजावलं होतं, की पोर अजून एकदा पडली तर शाळा बंद, पुस्तकाने पोरीचं रक्त आटतं, आणि मढच्या एका घरातून मागणीही आलेली आहे. म्हणजे चांगुणाला एका बाजूने बापाची अट होती की पडायचं नाही, आणि दुसऱ्या बाजूने हेडसरांची, की ऐंशीच्या खाली जायचं नाही. दोन्ही माणसं तिच्या भल्यासाठीच बोलत होती.

जूनमध्ये ती जेमतेम ऐंशी भरली. पुढे दर महिन्याला रतल, दीड रतल वाढत गेली. हेडसर खूश. मी मात्र बुचकळ्यात पडले, कारण मुलीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती आणि पोलक्याच्या बाह्या सैल व्हायला लागल्या होत्या. पावसाळा सरल्यावर एकदा प्रार्थनेत ती माझ्यादेखत डोलायला लागली. खाली पडायच्या आत मी तिला धरली, उचलून आत नेली आणि सगळ्यांना सांगितलं की हिला मी नखं कापायला नेलीय. पडली नाही, तेव्हा बापाची अट मोडली नाही. पण उचलताना माझ्या हाताला कळलं. इतकी वर्षं पोरं उचलून हाताला अंदाज येतो. ही मुलगी सत्तरच्या आसपास होती, आणि चारच दिवसांपूर्वी काट्यावर तिचा आकडा मीच चौऱ्याऐंशी ओरडले होते.

मी प्रधान सरांना सांगितलं. ते पहाटेचा जादा तास घ्यायचे, उभं राहून, कारण गणित बसून शिकवलं तर मुलं झोपतात असं त्यांचं मत होतं. त्यांचा कोट त्यांच्या अंगावर झुलायचा. तो मोठ्या भावाचा आहे असं ते सांगायचे आणि आम्हाला ते खरं वाटायचं. ते म्हणाले, वखारीचा काटा आहे, वखारवाल्याच्या बाजूने खोटा असणारच. मला पटलं. मग खोकला आला म्हणून ते बाहेर गेले.

फॉर्म भरायचा महिना आला. त्या सोमवारी हेडसर स्वतः काट्याजवळ खुर्ची टाकून बसले. चांगुणा सगळ्यांत शेवटी आली. ओठ पांढरे पडले होते. काट्यावर चढली, मी आकडा ओरडले, पंच्याऐंशी. हेडसरांनी लिहिला. ती उतरायला वळली आणि तशीच माझ्या अंगावर कोसळली.

मी नेहमीप्रमाणे उचलायला गेले आणि माझी कंबर लचकली. मणामणाची झाली होती पोरगी. कशीबशी आत नेऊन बाकावर ठेवली, दार लोटलं. प्रथमोपचारात पहिला नियम असा, की माणूस बेशुद्ध पडलं की कमरेचे कपडे सैल करायचे. मी परकराची नाडी सोडायला गेले तर आत दुसरी दोरी लागली. जाड, गाठी मारलेली, पोटावर तीन वेढे. ती सोडली आणि ठणठणाट झाला. शिशाच्या गोळ्या. कोळी पाग टाकतात, म्हणजे ते गोल फेकायचं जाळं, त्याच्या काठाला बुडायला बांधतात त्या. माळेसारख्या ओवलेल्या. पोटावर त्यांचे व्रण उठले होते, काही जुने, काही ताजे.

दाराबाहेरून हेडसरांनी विचारलं, काय पडलं? मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्या वेळी सुचलं नाही. तेवढ्यात तिने डोळे उघडले. माझ्या हातातली दोरी बघितली आणि पहिलं वाक्य बोलली, "बाई, आकडा लिवला ना?"

लिहिला म्हटलं. तेव्हा ती रडली. रडत रडत जे सांगितलं ते एवढंच, की जूनमध्ये दोनचार गोळ्या पुरल्या, पण ती दर महिन्याला उतरत गेली आणि शिसं वाढवावं लागलं. बापाच्या पागाच्या गोळ्या काढून ती तिथे खडे बांधून ठेवायची. मला राग आला. तिचा नाही, कोणाचा ते त्या वेळी कळलं नाही, पण इतका आला की मी ती माळ उचलली आणि बाहेर जाऊन हेडसरांच्या टेबलावर आपटली. म्हटलं, ही घ्या पंच्याऐंशीमधली पंधरा. हेडसरांनी माळ बोटाने बाजूला सरकवली. मग लिहिलेला आकडा खोडला आणि म्हणाले, नियम तो नियम, हिचा फॉर्म यंदा नाही, पोर परीक्षेत मेली तर कोणाला तोंड दाखवू?

पोर पडली ही बातमी वेसाव्याला पोचायला वेळ लागला नाही. शाळा सुटायच्या आत बुधाजी हजर. अंगात बंडी, कमरेला लाल रुमाल, पायांना वाळू. आल्या आल्या म्हणाला, नाव काढा पोरीचा. हेडसर म्हणाले, मीही तेच सांगणार होतो. दोन पुरुषांचं इतकं चटकन एकमत झालेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. चांगुणा दाराशी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या बाजूला. प्रधान सर खडूचे हात झटकत येऊन उभे राहिले.

मग बुधाजीचं लक्ष टेबलावर गेलं. त्याने एक गोळी उचलली, चिमटीत फिरवून बघितली. प्रत्येक कोळी आपलं शिसं आपल्या हाताने ठोकतो, ते त्याला ओळखू येतं. चार महिने त्याचा पाग नीट बुडत नव्हता, मासळी खालून निसटत होती, आणि शिसं चोरलं म्हणून त्याने सख्ख्या चुलतभावाशी बोलणं टाकलं होतं. हे त्याने तिथेच सांगितलं, पोरीकडे न बघता. मला वाटलं, आता हा हिला इथेच झोडपतो. मी शिट्टीला हात घातला. शिट्टी वाजवून काय होणार होतं देव जाणे, पण तेवढं एकच हत्यार माझ्याकडे होतं.

त्याने अख्खी माळ उचलली. एका हाताने जड वाटली म्हणून दुसरा हात लावला. वर-खाली करून बघितली. मग चांगुणाला विचारलं, बसने आलीस काय? तिने मान हलवली, नाही. चालत? चालत. सकाळी काय खाल्लंस? तिने परकराची नाडी आवळली. बुधाजी हेडसरांकडे वळला.

"एवढा वजन पोटाला बांधून पोर वेसाव्यापासून चालत आली, उपाशी. आनि तुमी म्हनता अशक्त?"

हेडसरांनी चष्मा काढला आणि धोतराने पुसायला घेतला. तो पुसून झाला तरी पुसत राहिले. बुधाजीचं एवढ्यावर संपलं नव्हतं. तो खाली बसला, जमिनीवरच, आणि म्हणाला, की त्याला वाटलं होतं पुस्तकाने पोर वाळली. पण पुस्तक तर ती उजेडात वाचते. काळोखात उठून पाट्या उचलते ते घरातच. हे बोलायला त्याला फार जड गेलं. मधेच थांबून त्याने रुमालाने तोंड पुसलं. आम्ही सगळेच दुसरीकडे बघत होतो.

फॉर्म त्याच दिवशी भरला. हेडसरांनी खोडलेल्या आकड्याच्या जागी खरा आकडा लिहायला मला सांगितलं. चांगुणा परत काट्यावर चढली, या वेळी नुसती, आणि मी सत्तर ओरडायच्या ऐवजी हळूच म्हटलं. हेडसर म्हणाले, मोठ्याने सांगा, मला कमी ऐकू येतं. त्यांना व्यवस्थित ऐकू यायचं. मी मोठ्याने सांगितलं. त्यांनी लिहिलं आणि म्हणाले, काटा वखारीत परत पाठवा. नियम त्यांनी मागे घेतला असं कधी जाहीर केलं नाही. फक्त पुढच्या महिन्यात काटा आला नाही. जादा तास पहाटेचा संध्याकाळी गेला. दुधाचं पातेलं शिक्षकांच्या खोलीतून उचलून वर्गाच्या दाराशी आलं आणि आम्ही कोरा चहा प्यायला लागलो. बुधाजीने पोरीला पाट्यांतून सोडवलं. सकाळी पोटात भाकरी पडायला लागली. मुशीच्या तेलाचं काय केलं ते विचारू नका. मुतारीच्या दाराच्या बिजागऱ्या पुढे कधी कुरकुरल्या नाहीत.

चांगुणा पास झाली. पेढे नाहीत, टोपलीभर सुके बोंबील घेऊन शाळेत आली आणि आधी प्रधान सरांना शोधू लागली. ते नव्हते. परीक्षा झाल्यावर सुट्टीत त्यांना क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये नेलं होतं. कोट भावाचा नव्हता, त्यांचाच होता, लग्नात शिवलेला. वर्षभर आम्ही मुलांना तोलत होतो आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत जो माणूस आमच्यासमोर झिजत होता त्याला काट्यावर चढ म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि तब्येतीचं खातं माझ्याकडे होतं. ते परत आले नाहीत. चांगुणा टोपली खाली ठेवून बराच वेळ त्यांच्या रिकाम्या वर्गात बसून राहिली. मी तिला उठ म्हटलं नाही.

पन्नासचं दशक संपता संपता रतल गेले, किलो आले. शाळेने स्वतःचा काटा घेतला, पांढरा, चकचकीत. आणि त्याच जूनमध्ये ट्रेनिंग संपवून चांगुणा आमच्याच शाळेत गणिताला लागली. आता ती चांगुणाबाई. अंगाने भरलेली, फटकळ होती तशीच. पहिल्या सोमवारी तिने काटा मुलांच्या रांगेसमोर न ठेवता शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवला. पोरांचं मागून, म्हणाली, आधी शिकवणाऱ्यांचं. सगळे शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले. कोणाला अचानक तास आठवला, कोणाला पोस्टात जायचं होतं. हेडसर तेव्हा निवृत्तीला आले होते. ते उठले, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि मुकाट्याने रांगेत उभे राहिले. पण रांग उंचीप्रमाणे, उंच आधी, म्हणून त्यांच्या पुढे मी होते.

मी काट्याकडे पाऊल टाकलं तर तिने हात आडवा केला. माझ्या कमरेकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि न हसता विचारलं, "बाई, कनवटीला काय नाय ना?"

मी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली आणि काट्यावर चढले.